तोंड धुण्याचे औषध : दहा दिवसांची बाटली दहा महिने वापरू नका

दात काढल्यावर, हिरड्या सुजल्यावर किंवा दातांची सफाई करून घेतल्यावर दाताचे डॉक्टर गोळ्यांबरोबर एक बाटली लिहून देतात. आत रंगीत औषध असते, वास पुदिन्यासारखा, आणि झाकण मापाचे. गोळ्या पाच दिवसांत संपतात. बाटली मात्र मोरीच्या फळीवर राहते. हिरड्यांतून रक्त येणे थांबते, तोंडाला वास येत नाही, म्हणून माणूस ती चालूच ठेवतो. संपली की मेडिकलमधून दुसरी आणतो. मेडिकलवाला बहुतेक वेळा चिठ्ठी मागत नाही. मग तीच बाटली सासूबाईंच्या दातदुखीला, मुलाचे तोंड आल्यावर आणि शेजारच्या काकांच्या तोंडाच्या वासालाही दिली जाते.

हे औषध वाईट नाही. योग्य वेळी आणि ठरलेले दिवस वापरले तर फार उपयोगी आहे. पण ते औषध आहे, रोजचे दंतमंजन नव्हे. त्याचे काही दुष्परिणाम दिसायला वाईट असून बिनधोक असतात. काही क्वचित होतात, पण जिवावर बेततात. आणि एक धोका असा आहे की तो बाटलीत नसून आपल्या वापरण्याच्या पद्धतीत आहे. कोणत्या त्रासाला घाबरायचे नाही आणि कशाला एक दिवसही थांबायचे नाही, हा फरक प्रत्येक घरात माहीत असायला हवा.

हे औषध आहे तरी काय?

बाटलीवर कंपनीचे नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव लिहिलेले असते. दाताच्या डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवर ते बहुधा 'क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट' असे असते. आपल्याकडे त्याचे प्रमाण साधारणपणे ०.२ टक्के असते, काही बाटल्यांत ०.१२ टक्के. लेबल इंग्रजीत असेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. नाव, प्रमाण आणि मुदत संपण्याची तारीख या तीन गोष्टी वाचायला दोन मिनिटे लागतात.

हे रसायन इंग्लंडमध्ये तयार झाले आणि १९५४ च्या सुमारास जखमा व कातडी निर्जंतुक करण्यासाठी बाजारात आले. दातांसाठी त्याचा उपयोग ठळकपणे पुढे आला तो १९७० मध्ये. डेन्मार्कमधील लो आणि शिओट या दोन संशोधकांनी काही जणांना दात घासणे बंद करायला सांगितले आणि ०.२ टक्क्यांच्या औषधाने दिवसातून दोनदा चूळ भरायला लावली. दात न घासताही त्यांच्या दातांवर जंतूंचा चिकट थर साचला नाही. तेव्हापासून जगभरचे दाताचे डॉक्टर हे औषध देतात.

त्याची ताकद त्याच्या चिकटण्यात आहे. साध्या पाण्याची चूळ थुंकली की संपली. हे औषध दातांना, हिरड्यांना आणि जिभेला चिकटून राहते आणि पुढचे कित्येक तास, सुमारे बारा तासांपर्यंत, हळूहळू सुटत जंतूंवर काम करते. म्हणूनच ते दिवसातून दोनदाच पुरते. त्याचे बहुतेक दुष्परिणामही या चिकटण्यातूनच येतात.

दात तपकिरी पडणे

सर्वांत जास्त दिसणारा त्रास हाच. काही दिवसांच्या वापराने दातांच्या कडांवर, दोन दातांच्या फटीत आणि जिभेवर पिवळट-तपकिरी डाग पडू लागतात. अनेकांना वाटते, औषधाने दात सडले. तसे नाही. दातांना चिकटलेले औषध चहा-कॉफीतले रंगद्रव्य धरून ठेवते आणि त्याचा थर दातावर बसतो. दिवसातून चार-पाच कटिंग घेणाऱ्याचे, पान किंवा तंबाखू खाणाऱ्याचे दात लवकर रंगतात.

हा डाग दाताच्या वर असतो, आत नसतो. दवाखान्यात सफाई केली की तो निघतो. घरी राख, मीठ, विटेचा चुरा किंवा लिंबू-सोडा लावून घासू नका. डाग राहतो बाजूला आणि दाताचे वरचे कवच मात्र झिजते. एक अपवाद ध्यानात ठेवा. पुढच्या दातात दाताच्या रंगाचे सिमेंट भरले असेल आणि ते खरखरीत झाले असेल, तर त्यात मुरलेला डाग सफाईने पूर्ण जाईलच असे नाही. कवळीवरही डाग पडतात. म्हणून सिमेंट भरलेले किंवा कवळी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तोंडात चव राहत नाही

दुसरा नेहमीचा त्रास चवीचा. अन्न बेचव किंवा धातूसारखे लागते. विशेषतः खारट चव कमी कळते. औषध बंद केल्यावर चव हळूहळू पूर्ववत होते, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नाही.

पण स्वयंपाकघरात याचा परिणाम होतो. जी बाई हे औषध घेत असेल तिला आमटी अळणी लागते आणि ती आणखी मीठ टाकते. मग घरात ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांच्या पोटात जास्त मीठ जाते. तेव्हा औषध चालू असेपर्यंत मीठ नेहमीच्या मापाने टाका आणि चव दुसऱ्याला पाहायला सांगा. स्वतः जेवतानाही वरून मीठ घेऊ नका.

दातांवर कीटण जास्त साचणे

ऐकायला उलटे वाटेल, पण जंतू मारणाऱ्या या औषधाने काहींच्या दातांवर कीटण, म्हणजे दगडासारखा कडक थर, जास्त जमतो. कीटण ब्रशने निघत नाही. ते दवाखान्यातच काढावे लागते. त्यामुळे जो माणूस 'औषधाची चूळ भरतो, मग घासायची गरज काय' असे म्हणून ब्रश कमी करतो, त्याच्या हिरड्या काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट होतात.

कीटण काढल्याने दात हलायला लागतात, असा समज वस्त्यांमध्ये घट्ट आहे. खरे कारण वेगळे आहे. कीटणाखाली हिरडी आणि हाड आधीच झिजलेले असते. कीटण दोन दातांना सिमेंटसारखे धरून असते म्हणून दात घट्ट वाटतो. ते काढले की आधीचे नुकसान उघडे पडते. सफाईने नुकसान होत नाही, सफाई लांबवल्याने होते.

आग होणे, साल निघणे, सूज

काहींच्या तोंडात आग होते, तोंड कोरडे पडते, गालाच्या आतल्या बाजूची पातळ साल निघते किंवा लहान फोड येतात. क्वचित कानाखालची लाळेची गाठ सुजते आणि गालगुंडासारखे दिसते. असे झाले तर 'औषध लागू पडतंय म्हणून झोंबतंय' असे समजून रेटू नका. औषध बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर हे त्रास आपोआप कमी होतात. डॉक्टर कमी प्रमाणाचे औषध देऊ शकतात किंवा पाणी मिसळून वापरायला सांगू शकतात. पाणी मिसळायचे की नाही हे आपल्या मनाने ठरवू नका.

क्वचित होणारी, पण जीवघेणी ॲलर्जी

आता एक मिनिटही दुर्लक्ष करू नये असा त्रास. काही थोड्या माणसांना क्लोरहेक्झिडिनची तीव्र ॲलर्जी असते. ब्रिटनमध्ये दात काढलेल्या खाचेत हे औषध मारल्यानंतर दोन रुग्ण दगावल्याची नोंद आहे. तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये या ॲलर्जीबद्दल देशभर सावधगिरीची सूचना काढली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही फेब्रुवारी २०१७ मध्ये इशारा दिला. १९६९ ते २०१५ या काळात कातडीवर लावायच्या क्लोरहेक्झिडिनमुळे तीव्र ॲलर्जी झालेल्या ५२ रुग्णांची नोंद त्यांना जगभरातून मिळाली होती. जगभर कोट्यवधी लोक वापरतात त्या औषधासाठी हा आकडा लहान आहे. पण ज्याच्या घरात ते घडते त्याच्यासाठी आकड्याला अर्थ नसतो.

लक्षणे काही मिनिटांत सुरू होऊ शकतात :

• अंगावर गांधी उठणे, खूप खाज सुटणे
• ओठ, जीभ, डोळ्यांभोवती किंवा चेहऱ्यावर सूज
• घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज बसणे, श्वासाला घरघर
• चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणे

असे काही दिसताच औषध थुंकून टाका, पाण्याने तोंड धुवा आणि १०८ ला फोन करा किंवा रिक्षाने जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. चक्कर येत असेल तर माणसाला आडवे करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसते ठेवा. उभे करून चालवत नेऊ नका. घरी पित्ताची गोळी देऊन वाट पाहू नका. अशा वेळी जीव वाचवते ते रुग्णालयातले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. औषधाची बाटली बरोबर न्या.

एकदा ही ॲलर्जी कळली की ती आयुष्यभर लक्षात ठेवायची असते. क्लोरहेक्झिडिन फक्त चूळ भरायच्या बाटलीत नसते. ऑपरेशनपूर्वी कातडी पुसायच्या द्रवात, लघवीची नळी घालताना लावायच्या काही जेलमध्ये आणि शिरेत घालायच्या काही खास नळ्यांवरही ते असते. म्हणून कोणत्याही ऑपरेशनच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर-नर्सना आधी सांगा. एका कागदावर 'क्लोरहेक्झिडिनची ॲलर्जी' असे लिहून तो आधारकार्डाच्या पाकिटात ठेवा. आपल्यातले अनेक जण रुग्णालयांत नर्स, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार म्हणून काम करतात. हात धुण्याच्या द्रवातून त्यांचा या रसायनाशी रोज संबंध येतो. हातावर पुरळ किंवा गांधी येत असतील तर त्यांनी ही चूळ सुरू करण्याआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

रक्तदाबाशी काय संबंध?

तोंडातले सगळे जंतू शत्रू नसतात. पालक, बीट अशा भाज्यांतल्या नायट्रेट नावाच्या घटकावर जिभेवरचे काही जंतू प्रक्रिया करतात. त्यातून पुढे रक्तवाहिन्या सैल ठेवणारा पदार्थ शरीरात तयार होतो. हे औषध वाईट जंतूंबरोबर हे कामाचे जंतूही मारते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका लहान अभ्यासात १९ निरोगी माणसांनी आठवडाभर अशी चूळ भरली. त्यांचा रक्तदाब साधारण २ ते ३.५ अंकांनी वाढलेला आढळला.

ही वाढ थोडी आहे आणि अभ्यासही लहान आहे. दहा दिवसांच्या औषधासाठी घाबरू नका आणि रक्तदाबाची गोळी तर मुळीच चुकवू नका. पण गरज नसताना महिनोन्महिने हे औषध घेऊ नये, यासाठी हे आणखी एक कारण आहे.

सर्वांत मोठा धोका : दुखणे झाकले जाते

आता त्या धोक्याकडे येऊ जो बाटलीत नाही. हे औषध वास घालवते, सूज थोडी उतरवते, रक्त थांबवते. त्यामुळे आजार गेला असे वाटते. पण किडलेल्या दाताच्या मुळापर्यंत ते पोहोचत नाही. हिरडी आणि दात यांच्यात खोल गेलेल्या पोकळीतही ते नीट शिरत नाही. वरून शांत आणि आत कीड चालू, असे महिने जातात. दात वाचवता आला असता, तो शेवटी काढावा लागतो. हिरडीचा आजार मधुमेह असणाऱ्यांत जास्त वेगाने वाढतो आणि साखर ताब्यात ठेवणेही अवघड करतो.

याहून गंभीर गोष्ट तंबाखूची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील दर चार प्रौढांपैकी एकाहून जास्त जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले, आणि त्यांतले बहुतेक चघळायची किंवा दातांना लावायची तंबाखू घेणारे होते. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या मिळतात हे कुणाला सांगायला नको. बायका दात घासायला मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दातांचे औषध नाही.

तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मिश्री घेणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा, लाल चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. अशा जखमेत जंतू वाढले की वास येतो, आग होते. माणूस फळीवरची जुनी बाटली काढतो. चार दिवस चूळ भरली की वास कमी होतो, आग कमी होते, आणि तो दवाखाना पुढे ढकलतो. चट्टा मात्र तिथेच असतो. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाला की जबडा कापावा लागतो, आणि घर कर्जात जाते ते वेगळे.

म्हणून महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःचे तोंड पाहावे. ओठ उलटून, गाल बाजूला ओढून, जीभ वर उचलून आणि दोन्ही बाजूंना वळवून. खालीलपैकी काहीही दिसले तर चूळ भरत बसू नका, तपासून घ्या :

• दोन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखत नसली तरी
• पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा
• तोंड पूर्वीइतके न उघडणे. आपली तीन बोटे एकावर एक उभी दातांमध्ये जात नसतील तर ते गुटखा-सुपारीचे लक्षण असू शकते
• गालात किंवा मानेत गाठ, गिळताना त्रास, कारण नसताना दात हलणे

वापरायचे कसे?

डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच दिवस. बहुधा हा काळ एक ते दोन आठवड्यांचा असतो. काही खास कारणांसाठी डॉक्टर जास्त दिवस देतात, पण मग मधे तपासणीला बोलावतात. औषध लिहून देताना 'डॉक्टर, कोणत्या तारखेला बंद करू?' असे विचारा आणि ती तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवा.

०.२ टक्क्यांच्या औषधाचे माप बहुधा १० मिली, म्हणजे चहाचे दोन चमचे, आणि वेळ एक मिनिट. चिठ्ठीवर किंवा लेबलवर वेगळे लिहिले असेल तर ते पाळा. घशात गुळण्या करायच्या नाहीत, दातांमधून औषध खेळवायचे आणि थुंकायचे. गिळायचे नाही. लगेच पाण्याने तोंड धुवायचे नाही, कारण चिकटलेले औषध निघून जाते आणि कडू चवही जास्त जाणवते.

टूथपेस्ट आणि हे औषध यांचे पटत नाही. पेस्टमध्ये फेस आणणारा जो पदार्थ असतो तो औषधाची ताकद कमी करतो. म्हणून आधी ब्रश, मग साध्या पाण्याने भरपूर चुळा, आणि अर्ध्या तासाने औषध. औषधानंतर किमान अर्धा-एक तास चहा, कॉफी, पान काहीही नको.

सकाळी सहाला कामावर निघणाऱ्याने हे जमवायचे कसे? रात्रीचे माप सोपे आहे : जेवण, ब्रश, अर्धा तास, औषध, झोप. सकाळी चहा-नाश्ता आधी उरका, मग ब्रश करा, डबा भरून होईपर्यंत अर्धा तास जातो, आणि निघताना औषधाची चूळ भरा. पुढचा चहा कामावर पोहोचल्यावर.

दात काढला असेल तर पहिले २४ तास कोणतीही चूळ जोराने भरू नका. खाचेत धरलेली रक्ताची गुठळी निघून गेली तर दुखणे वाढते. चूळ कधी सुरू करायची ते दात काढणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घ्या.

कोणी आधी विचारावे?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आणि आधी कोणत्याही औषधाची ॲलर्जी झालेल्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. चूळ थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना हे औषध देऊ नये. मुलाने बाटली तोंडाला लावून प्यायली तर मळमळ, पोटदुखी होऊ शकते. मुद्दाम उलटी करवू नका, बाटली घेऊन रुग्णालयात जा. बाटली मोरीच्या खालच्या कट्ट्यावर नको, उंचावर ठेवा.

काही बाटल्यांत अल्कोहोल असते, काहींत नसते. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असलेल्याने अल्कोहोल असलेली चूळ वापरू नये, तिच्यामुळे त्या गोळीची उलट प्रतिक्रिया येऊ शकते. दारू सोडलेल्या माणसाने दाताच्या डॉक्टरांना न लाजता सांगावे : 'मला बिनअल्कोहोलची बाटली द्या.' तोंड कोरडे पडणाऱ्यांनाही तीच बरी.

बाटल्यांची गल्लत नको

जखम धुवायच्या अँटिसेप्टिक द्रवावर आणि रुग्णालयातून आणलेल्या हात चोळायच्या द्रवावरही कधी कधी 'क्लोरहेक्झिडिन' हेच नाव असते. त्यात इतर रसायने किंवा भरपूर अल्कोहोल असते. नाव तेच म्हणून ते तोंडात घेऊ नका. जखमेवर लावायचे तपकिरी आयोडीनचे औषध आणि घशाच्या गुळण्यांचे आयोडीनचे औषध यांतही फरक आहे. जखमेचे औषध अधिक तीव्र असते. आयोडीनच्या गुळण्याही थायरॉइडचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. चूळ भरायचे औषध डोळ्यांत किंवा कानात कधीही घालू नका. दोन्हींना कायमची इजा होऊ शकते. डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

आणखी एक घरगुती सूचना : पांढऱ्या कपड्यावर हे औषध सांडले तर तो कपडा ब्लीचमध्ये घालू नका. दोन्ही एकत्र आले की पक्का तपकिरी डाग पडतो. आधी साध्या पाण्यात नीट खळबळून घ्या.

बाटली संपल्यावर काय?

रोजच्या वापराला महाग औषध लागत नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट, त्यातही रात्रीचे घासणे न चुकवता. जेवणानंतर पाण्याने खळखळून चूळ. तोंड आले असेल किंवा हिरडी दुखत असेल तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरा आणि थुंका. रक्तदाब असणाऱ्यांनी ते पाणी गिळू नये. तोंडाला वास येत असेल तर जीभही घासा. तरीही वास गेला नाही तर कारण शोधायला हवे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय महापालिकेचे आहे. खासगी दवाखान्यापेक्षा तिथे खर्च कितीतरी कमी येतो. जिल्हा रुग्णालयातही दातांचा विभाग असतो. विहारात किंवा समाजमंदिरात दंततपासणी शिबिर भरले आणि तिथे बाटली मिळाली, तर ती किती दिवस वापरायची आणि पुढे कुठे दाखवायचे, हे तिथेच विचारा. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मदत मिळते.

आणि औषधाचा त्रास झाला तर तो कळवण्याचा हक्क आपल्यालाही आहे. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा २०१० पासून काम करते. तिचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फक्त डॉक्टरच नव्हे, रुग्णही तिथे तक्रार नोंदवू शकतो. वस्तीतल्या माणसांचे त्रास नोंदले गेले नाहीत तर ते झालेच नाहीत असे धरले जाते.

थोडक्यात, कापून भिंतीवर लावा

• बाटलीवर बंद करायची तारीख लिहा. त्या दिवशी बंद.
• एकाची बाटली दुसऱ्याला नको. मेडिकलमधून आपल्या मनाने दुसरी नको.
• आधी ब्रश, अर्ध्या तासाने औषध, त्यानंतर तासभर चहा नको.
• डाग आणि गेलेली चव यांना घाबरू नका. डाग सफाईने जातो, चव परत येते.
• आग, साल, गालाची सूज : औषध थांबवा, डॉक्टरांना दाखवा.
• गांधी, ओठांची सूज, श्वास लागणे, चक्कर : लगेच रुग्णालय, १०८.
• दोन आठवडे न भरलेली जखम किंवा चट्टा : चूळ नको, तपासणी करा.

आज घरी गेल्यावर मोरीच्या फळीवरची बाटली हातात घ्या. ती कुणाला दिली होती, कधी दिली होती आणि कोणत्या दुखण्यासाठी, हे घरात विचारा. उत्तर कुणालाच आठवत नसेल, तर ती बाटली फेकून द्या, आणि जो तिची चूळ भरत होता त्याला या आठवड्यात दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.